साइडबारमधल्या फेसबुकच्या चौकटीला जबाबदार कोण? फॅशन आयडी खटल्याचा अभ्यास

‘आपलं फेसबुकचं पान वेबसाइटच्या बाजूला दिसू द्या’ ही मागणी मंडळं, वाचनालयं, नाट्यसंस्था, गिर्यारोहकांचे गट अशा सगळ्यांकडून येते, आणि ती रास्त आहे. वेबसाइटवर नवं काही चढवायला माणूस नसतो. फेसबुकवर मात्र कार्यक्रम संपायच्या आत फोटो पडलेले असतात. ते आपोआप साइडबारमध्ये आले की वेबसाइट नांदती वाटते. फेसबुक त्यासाठी तयार कोड देतं. चौकटीची रुंदी १८० पासून ५०० पिक्सेलपर्यंत हवी तेवढी ठेवता येते, त्यामुळे बहुतेक साइडबारमध्ये ती नीट बसते. कोड कॉपी करायचा, साइडबारच्या एचटीएमएल विजेटमध्ये चिकटवायचा आणि सेव्ह करायचं, एवढंच काम.

त्या चिकटवण्याची जबाबदारी कोणाची, यावर जर्मनीत एक खटला चालला. तो थेट लक्झेंबर्गला युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेला आणि २९ जुलै २०१९ रोजी निकाल लागला. प्रकरणाचा क्रमांक सी-४०/१७. एका बाजूला फॅशन आयडी, म्हणजे ड्युसेलडॉर्फच्या पीक अँड क्लॉपेनबुर्ग या कपड्यांच्या दुकानसाखळीची ऑनलाइन विक्री करणारी कंपनी. दुसऱ्या बाजूला नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याची ग्राहक संघटना. वादाचं कारण होतं फॅशन आयडीच्या पानांवर बसवलेलं फेसबुकचं ‘लाइक’ बटण.

खटला बटणाचा होता, फीडचा, म्हणजे ताज्या पोस्ट आपोआप दाखवणाऱ्या चौकटीचा, नव्हता. तरी साइडबारमध्ये फीड बसवणाऱ्याने तो वाचायलाच हवा असं मी आग्रहाने म्हणतो. बटण आणि फीड दोन्ही एकाच पद्धतीने पानात येतात, फरक आकाराचा आहे. आणि या निकालाने जबाबदारीची रेषा इतक्या नेमक्या जागी ओढली आहे, की फीड कसं बसवावं याचं उत्तरही त्या रेषेतूनच मिळतं.

पान उघडताना काय घडतं

वाचक तुमच्या पानाच्या दुव्यावर बोट ठेवतो. ब्राउझर तुमच्या सर्व्हरकडे पान मागतो आणि आलेलं एचटीएमएल वरून खाली वाचू लागतो. शीर्षक, मजकूर, लोगो, अध्यक्षांचा फोटो, सगळं तुमच्याच सर्व्हरवरून येतं. मग तो साइडबारच्या ओळींपाशी पोचतो. तिथे तुम्ही चिकटवलेला कोड त्याला सांगतो, की पुढची चौकट फेसबुकच्या सर्व्हरवरून आण. ब्राउझर त्याक्षणी वाचकाच्या फोनवरून थेट फेसबुकशी जोडणी करतो. तुमचा सर्व्हर या व्यवहारात कुठेच नसतो.

जोडणी करायची तर उत्तर कुठे पाठवायचं हे सांगावं लागतं, म्हणजे वाचकाचा आयपी पत्ता जातो. ब्राउझरचं नाव आणि आवृत्ती जाते, ऑपरेटिंग सिस्टिम जाते. मागणी कुठल्या वेबसाइटवरून आली हेही कळतं. वाचकाने त्याच ब्राउझरमध्ये फेसबुकवर लॉगिन केलेलं असेल आणि ब्राउझर अडवत नसेल, तर कुकीही जाते, म्हणजे फेसबुकने त्या ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची खूण. मग फेसबुकला आयपी पत्त्याच्या पलीकडे थेट नावानिशी माणूस कळतो. सफारी मार्च २०२० पासून अशा त्रयस्थ कुकी मुळातच अडवते. फायरफॉक्सने २०२२ मध्ये प्रत्येक वेबसाइटसाठी कुकीचा वेगळा कप्पा केला. क्रोमने मात्र त्या बंद करण्याचा बेत अनेक वर्षं पुढे ढकलून शेवटी सोडून दिला. पण कुकी अडली तरी आयपी पत्ता अडत नाही. तो गेल्याशिवाय चौकट भरूच शकत नाही.

कोड कोणत्या प्रकारचा आहे यानेही फरक पडतो आणि याकडे फार कमी जणांचं लक्ष असतं. फेसबुक दोन पर्याय देतं. आयफ्रेमचा कोड घेतला तर फेसबुकची चौकट तुमच्या पानात राहूनही वेगळी राहते. आजचे बहुतेक ब्राउझर तिला पानाचा पूर्ण पत्ता न देता फक्त डोमेनचं नाव देतात. जावास्क्रिप्टचा कोड घेतला तर ती स्क्रिप्ट तुमच्या पानातच चालते, तुमच्या स्वतःच्या स्क्रिप्टच्या बरोबरीने. वाचक नेमकं कुठलं पान वाचतो आहे हे तिला पूर्ण दिसतं. व्यसनमुक्तीवरचं पान, वधूवर सूचक मंडळाचं पान, रक्तदात्यांची यादी असलेलं पान, काहीही. चौकट टाकायचीच असं ठरलं असेल, तर मी जावास्क्रिप्टच्या वाटेला जात नाही.

शिवाय हे सगळं चौकट दिसण्याआधी घडतं. मोबाइलवर साइडबार बाजूला नसतोच, तो मजकुराच्या खाली जातो. पहिला परिच्छेद वाचून परत फिरलेल्या वाचकाने ती चौकट डोळ्यांनी पाहिलेलीही नसते आणि त्याचा पत्ता मात्र गेलेला असतो. फेसबुकवर त्याचं खातं नसलं तरीही.

खटला

इतर वेबसाइटवर बसवायचं लाइक बटण फेसबुकने २१ एप्रिल २०१० रोजी आणलं. जर्मनीत त्यावर लगेच कुरबुर सुरू झाली. ऑगस्ट २०११ मध्ये श्लेस्विग-होलस्टाइन राज्याच्या डेटा संरक्षण कार्यालयाने तिथल्या वेबसाइटचालकांना हे बटण काढून टाकायला सांगितलं आणि दंडाचा इशारा दिला. त्याच सप्टेंबरमध्ये हाइझे या जर्मन तंत्रज्ञान प्रकाशनाने दोन क्लिकची पद्धत काढली. आधी नुसतं चित्र दिसायचं. त्यावर क्लिक केल्यावर खरं बटण फेसबुकवरून यायचं आणि दुसऱ्या क्लिकला ते वापरता यायचं. या पद्धतीकडे पुढे परत येऊ.

फॅशन आयडीवर ग्राहक संघटनेने नेमका हाच आक्षेप घेतला, की पान नुसतं उघडलं तरी पाहुण्याची माहिती फेसबुककडे जाते, आणि त्याला ना ते सांगितलं जातं ना विचारलं जातं. ड्युसेलडॉर्फच्या जिल्हा न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये बहुतांशी संघटनेच्या बाजूने निकाल दिला. कंपनी अपिलात गेली. अपील न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये खटला थांबवून लक्झेंबर्गच्या न्यायालयाला सहा प्रश्न विचारले. एव्हाना फेसबुक आयर्लंड कंपनीच्या बाजूने आणि राज्याचं डेटा संरक्षण कार्यालय संघटनेच्या बाजूने खटल्यात उतरलं होतं. कपड्यांच्या दुकानाचा वाद केव्हाच मोठा झाला होता.

कंपनीचा बचाव वरवर पाहता बिनतोड होता. पाहुण्याचा ब्राउझर काय पाठवतो यावर आमचा ताबा नाही, ती माहिती आम्हाला दिसत नाही, फेसबुक तिचं काय करतं ते आम्हाला ठाऊक नाही, मग आम्ही जबाबदार कसे? साइडबारमध्ये चौकट बसवणारा प्रत्येक जण आजही हेच म्हणतो. त्यात खोटं काही नाही.

न्यायालयासमोर डेटा संरक्षणाचा कायदा होता १९९५ चा, कारण घटना जीडीपीआरच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या आजच्या डेटा संरक्षण कायद्याच्या, आधीच्या होत्या. जीडीपीआर लागू झाला २५ मे २०१८ रोजी. पण कळीची व्याख्या दोन्हीकडे तीच आहे. वैयक्तिक माहितीवरच्या प्रक्रियेचा हेतू आणि साधनं जो एकट्याने किंवा इतरांसोबत ठरवतो, तो त्या माहितीचा नियंत्रक. माहिती त्याच्या हातात यायलाच हवी अशी अट नाही. हे त्याआधीच्या दोन निकालांत ठरून गेलं होतं. फेसबुकवर पान चालवणाऱ्या एका जर्मन शिक्षणसंस्थेच्या प्रकरणात, जून २०१८ मध्ये, न्यायालयाने पान चालवणाऱ्यालाही फेसबुकबरोबर संयुक्त नियंत्रक मानलं होतं. पुढच्याच महिन्यात फिनलंडमधल्या यहोवाच्या साक्षीदारांच्या प्रकरणात, घरोघर प्रचाराला जाणारे सदस्य लोकांची टिपणं ठेवत होते आणि त्यासाठी त्या पंथालाही जबाबदार धरलं होतं. हा दुसरा निकाल मराठी मंडळांनी विशेष ध्यानात ठेवावा. आम्ही नफा कमावत नाही, ही सेवा आहे, असं म्हटल्याने सुटका होत नाही.

रेषा कुठे ओढली

निकालाचं मर्म इथे आहे आणि ते घाईत वाचलं तर हमखास चुकीचं समजतं. न्यायालयाने फॅशन आयडीला फेसबुकच्या सगळ्या उद्योगांसाठी जबाबदार धरलेलं नाही.

त्याने एकूण व्यवहाराचे तुकडे केले. पहिला तुकडा म्हणजे पाहुण्याची माहिती गोळा होणं आणि ती फेसबुककडे पाठवली जाणं. दुसरा म्हणजे ती पोचल्यानंतर फेसबुकने तिचं जे काही केलं ते. दुसऱ्या तुकड्यात हेतू आणि साधनं फॅशन आयडी ठरवते असं म्हणायला जागा नाही, तेव्हा तिथे तिची जबाबदारी नाही. पण पहिल्या तुकड्यात आहे, कारण बटण पानात बसवलं तिने. ते बसवलं नसतं तर त्या पाहुण्याची माहिती त्या पानावरून फेसबुकला मिळाली नसती. हे बटण माहिती गोळा करून पाठवतं याची तिला जाणीव होती. हेतूच्या बाजूनेही तिचा वाटा होता. लाइकमुळे आपल्या मालाची फेसबुकवर प्रसिद्धी व्हावी म्हणून तिने ते बसवलं आणि त्या फायद्याच्या बदल्यात माहिती जाण्याला, निदान न बोलता, मान्यता दिली. म्हणून एवढ्या तुकड्यापुरती ती फेसबुकबरोबर संयुक्त नियंत्रक.

निकालाआधी न्यायालयाला स्वतंत्र मत देणारे महाधिवक्ता मिखाल बोबेक यांनी डिसेंबर २०१८ च्या आपल्या मतात जबाबदारी अशी तुकड्यापुरती ठेवण्याचा आग्रह धरला होता. कोणत्याही टप्प्याला हातभार लावणाऱ्या प्रत्येकाला सगळ्याला जबाबदार धरत गेलं, तर शेवटी नेमकं उत्तर द्यायला कोणीच उरत नाही, ही त्यांची काळजी होती. मला ती पटते. सामान्य वेबसाइटचालकाला फेसबुकच्या जाहिरात-यंत्रणेचा जाब विचारणं अन्यायाचं झालं असतं आणि खऱ्या जबाबदाराला आडोसा मिळाला असता.

जबाबदारी संयुक्त म्हणजे सारखी नव्हे, हेही न्यायालयाने स्पष्ट केलं. आणि एक बारकावा तर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्या पाहुण्याचं फेसबुकवर खातंच नाही, त्याच्या बाबतीत वेबसाइटचालकाची जबाबदारी आणखी जड आहे, असं न्यायालय म्हणतं. कारण सरळ आहे. खातेदाराने निदान कधीतरी फेसबुकच्या अटींवर ‘मान्य’ केलेलं असतं. बिनखात्याच्या माणसाचा फेसबुकशी काडीचा संबंध नसतो. तो तुमच्याकडे आला आणि केवळ तुमच्यामुळे तिथे पोचला.

आता संमतीचा प्रश्न. ती कोणी घ्यायची, आपण की फेसबुकने? न्यायालयाचं उत्तर आहे वेबसाइटचालकाने, आणि माहिती जाण्याआधी. पाहुणा तुमच्या पानावर येतो तिथेच प्रक्रिया सुरू होते, त्यामुळे वेळेवर विचारणं फक्त तुम्हालाच शक्य आहे. काय सांगायचं तेही तुमच्या तुकड्यापुरतंच, म्हणजे कोणती माहिती, कोणाकडे, कशासाठी जाईल. फेसबुक नंतर काय करेल याची हमी तुम्ही द्यायची नाही. आणि संमतीऐवजी आपल्या ‘रास्त हिता’वर भिस्त ठेवायची असेल, तर वेबसाइटचालक आणि फेसबुक या दोघांचंही तसं हित स्वतंत्रपणे सिद्ध व्हायला हवं. नवीन फोटो बाजूला दिसावेत हे हित, ज्याने ते फोटो मागितलेही नाहीत अशा वाचकाचा पत्ता परस्पर देण्याइतकं वजनदार आहे असं मला वाटत नाही.

आयपी पत्ता म्हणजे वैयक्तिक माहिती का, असा फाटा काही जण फोडतात. तो प्रश्न युरोपात ऑक्टोबर २०१६ मध्ये ब्रायर प्रकरणात बराचसा सुटला आहे. त्या पत्त्यावरून माणसापर्यंत पोचण्याचे कायदेशीर मार्ग उपलब्ध असतील, तर बदलता आयपी पत्ताही वैयक्तिक माहितीच.

निकालानंतरचे दोन दाखले सांगतो, कारण त्यातून रक्कम आणि आवाका कळतो. म्युनिकच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये एका वेबसाइटचालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. त्याने गूगलचे फॉन्ट गूगलच्या सर्व्हरवरून थेट मागवले होते आणि त्यात पाहुण्याचा आयपी पत्ता संमतीवाचून गेला होता. चौकट नाही, बटण नाही, नुसती अक्षरं. त्यानंतर जर्मनीत वेबसाइटचालकांवर भरपाई मागणाऱ्या नोटिसांचा पाऊस पडला. दुसरा दाखला ८ जानेवारी २०२५ चा. युरोपीय आयोगाच्याच एका वेबसाइटवर ‘फेसबुकने साइन इन करा’ हा दुवा होता. त्यातून एका जर्मन नागरिकाचा आयपी पत्ता अमेरिकेत मेटाकडे, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीकडे, गेला, म्हणून आयोगाला ४०० युरो भरपाई द्यावी लागली. ज्या संघाने हा कायदा केला, त्याच्या स्वतःच्या वेबसाइटलाही तो लागू झाला. रकमा लहान आहेत, पण त्या एकेका पाहुण्याच्या आहेत.

मग साइडबारमध्ये काय ठेवायचं

रेषा कळली की काम सोपं होतं. तुमच्या वाट्याची जबाबदारी एकाच क्षणाशी बांधलेली आहे, वाचकाचा ब्राउझर तिसऱ्याच्या सर्व्हरला पहिल्यांदा हाक मारतो त्या क्षणाशी. तो क्षण वाचकाच्या हाती द्यायचा, नाहीतर येऊच द्यायचा नाही.

वाचकाच्या हाती द्यायचा म्हणजे हाइझेची जुनी पद्धत. साइडबारमध्ये आधी आपल्या सर्व्हरवरचं साधं चित्र ठेवायचं आणि त्याखाली एक ओळ: ‘मंडळाच्या फेसबुक पानावरचे ताजे फोटो इथे पाहता येतील. क्लिक केल्यावर तुमचा आयपी पत्ता आणि ब्राउझरची माहिती फेसबुककडे जाईल.’ क्लिक होईपर्यंत फेसबुकच्या कोडची एकही ओळ पानात असता कामा नये. पसंती लक्षात ठेवायची असेल, तर ती मागे घेण्याचा दुवाही तिथेच द्यायचा. जीडीपीआर सांगतो की संमती मागे घेणं, ती देण्याइतकंच सोपं हवं.

इथे दोन फसव्या गोष्टी वारंवार दिसतात. एक म्हणजे खाली संमतीची पट्टी झळकते, ‘मान्य’ आणि ‘अमान्य’ अशी छान बटणं असतात, आणि मागे फेसबुकची चौकट फोटोंसह आधीच भरलेली असते. ती पट्टी काहीच अडवत नाही. संमतीचं प्लगइन बसवलं म्हणजे काम झालं असं नाही. ते चौकटीला खरोखर रोखून धरतं का, हे पाहावं लागतं. आधीच खूण केलेला चौकोन ही संमती नव्हे, हे तर त्याच न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१९ च्या प्लॅनेट४९ निकालाने ठरवलंच आहे. दुसरी फसवी गोष्ट म्हणजे लेझी लोडिंग. त्याने चौकट वाचक खाली सरकेपर्यंत थांबते आणि पान वेगाने उघडतं, ते चांगलंच आहे. पण खाली सरकणं म्हणजे होकार नव्हे.

क्षण येऊच द्यायचा नसेल तर फीड आपल्या सर्व्हरने आणायचं. माझी पसंती याला आहे. आपला सर्व्हर ठरावीक वेळाने फीड आणतो, साठवतो आणि पानात साध्या मजकुरासारखं छापतो. वाचकाचा ब्राउझर फक्त आपल्याशी बोलतो. वेबसाइट चालवण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीतला आरएसएस ब्लॉक हेच करतो. आरएसएस म्हणजे नव्या नोंदींची यादी दुसऱ्या वेबसाइटला वाचता येईल अशा रूपात देण्याची पद्धत. तो आणलेलं फीड मुळात १२ तास साठवून ठेवतो, त्यामुळे पानही जड होत नाही. मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या समाजमाध्यमावरच्या कोणत्याही सार्वजनिक खात्याच्या पत्त्यापुढे डॉट आरएसएस लावलं की फीड मिळतं. यूट्यूबच्या प्रत्येक चॅनलचं फीड आहे, त्यात शेवटचे १५ व्हिडिओ येतात. व्याख्यानं, नाटकं, दिवाळी पहाट यूट्यूबवर टाकणाऱ्या संस्थांना एवढं पुरेसं होतं.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. फीडमधून मजकूर आणला आणि फोटोंचे दुवे मूळ सर्व्हरचेच ठेवले, तर पुन्हा ये रे माझ्या मागल्या. ब्राउझर फोटो आणायला तिकडेच धावतो आणि आयपी पत्ता जातो. फोटो आपल्या सर्व्हरवर उतरवून घ्यावे लागतात. वर्डप्रेसचा आरएसएस ब्लॉक शीर्षक, लेखकाचं नाव, तारीख आणि थोडा मजकूर एवढंच छापतो, फोटो आणतच नाही, म्हणून तिथे हा धोका येत नाही. फोटो हवे असतील तर ते काम वेगळं करावं लागेल, आणि तेव्हा लोकांच्या प्रतिक्रिया व नावं सोबत ओढून आणायची नाहीत.

अडचण आहे ती नेमकी फेसबुक आणि इन्स्टाग्रामची. फेसबुकने पानांचं आरएसएस फीड केव्हाच बंद केलं. इन्स्टाग्रामची साध्या खात्यांसाठीची सोय ४ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाली. आता सर्व्हरने फीड आणायचं तर खातं व्यावसायिक किंवा क्रिएटर प्रकारचं हवं, मेटाकडे ॲप नोंदवायला हवं आणि मुदत संपणारं टोकन, म्हणजे परवानगीची डिजिटल किल्ली, वेळेवर ताजं ठेवायला हवं. गावच्या वाचनालयाला हे झेपणारं नाही. तिथे मी क्लिकची पद्धत सुचवतो, किंवा त्याहून साधं, साइडबारमध्ये फेसबुक पानाचा नुसता दुवा. दुवा हा दुवाच असतो. वाचकाने दाबल्याशिवाय काही जात नाही.

परक्या चौकटीवर विसंबण्याविरुद्ध एक कारण कायद्याच्या बाहेरचंही आहे. ३० जून २०२३ रोजी ट्विटरने लॉगिन न करणाऱ्यांना ट्वीट दाखवणं थांबवलं आणि त्या दिवसांत जगभरच्या असंख्य वेबसाइटच्या बाजूच्या पट्ट्या ओस पडल्या. कोणी काही बदललं नव्हतं. कोड तोच होता.

आपल्याकडे

जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंडमधल्या मराठी मंडळांना हा निकाल थेट लागू आहे. जीडीपीआरमधली ‘घरगुती वापर’ ही सवलत संस्थेला मिळत नाही.

महाराष्ट्रातल्या संस्थेवर तो बंधनकारक नाही. पण भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. त्यातली डेटा फिड्युशियरीची व्याख्या वाचून पाहा. हेतू आणि साधनं जो एकट्याने किंवा इतरांसोबत ठरवतो, तो. फॅशन आयडीचा निकाल ज्या शब्दांवर उभा आहे, जवळजवळ तेच शब्द. युरोपातल्या ‘रास्त हिता’सारखा ऐसपैस आधार आपल्या कायद्यात नाही. मोजके वापर नावानिशी दिले आहेत, बाकी सगळ्याला संमती. ती स्पष्ट कृतीने दिलेली हवी, आणि तिची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय हवी. म्हणजे मराठीत आणि कोकणीतही. आज मराठी वेबसाइटवर सुद्धा ही सूचना बहुतेक वेळा प्लगइनमधून आलेल्या इंग्रजीतच पडून असते. ती बदलायला कायद्याची मुदत संपायची वाट पाहण्याचं कारण नाही.

तुमच्या वेबसाइटची स्थिती तपासायला वकील लागत नाही. संगणकावर ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, एफ१२ दाबून नेटवर्कचा टॅब निवडा आणि मग आपल्या पानाचा पत्ता टाका. कशावरही क्लिक करू नका. खाली एकेक मागणी ओळीने उमटत जाईल आणि प्रत्येकीसमोर ती कोणत्या डोमेनकडे गेली ते दिसेल. आपल्या डोमेनखेरीज जी नावं तिथे येतील ती लिहून काढा. फेसबुक आणि यूट्यूब असतील, फॉन्ट असतील, नकाशा असेल, भेटीगाठी मोजणारा आकडा असेल. प्रत्येक नावापुढे ते कोणी आणि कशासाठी बसवलं हे विचारा. ज्याचं उत्तर समितीतल्या कोणालाच देता येत नाही, तो कोड आधी काढा.